लाईट येते, पाय बूट होतो, टीव्हीवर मात्र "नो सिग्नल"

जून लागला की रास्पबेरी पाय, म्हणजे टीव्हीला जोडायचा तो हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, वापरणाऱ्यांचे माझ्याकडे येणारे मेसेज ठरलेले. "लाईट जाऊन आली, पायचा लाल दिवा पेटलाय, हिरवा पण लुकलुकतोय, टीव्हीवर मात्र नो सिग्नल." देवळात पूजेच्या वेळा दाखवणारा स्क्रीन असो, हायस्कूलच्या लॅबमधला जुना मॉनिटर असो, नाहीतर किनाऱ्याकडच्या रेस्टॉरंटात मेनू फिरवणारा टीव्ही, रड एकच. आणि त्याच्यामागून लगेच दुसरा मेसेज, "कार्ड गेलं वाटतं, नवीन इमेज मारू काय?"

थांब रे बाबा. (इमेज मारणं म्हणजे एसडी कार्डावर सगळी ऑपरेटिंग सिस्टम नव्याने लिहिणं.) कार्ड जातात, नाही असं नाही, लिहिणं चालू असताना लाईट गेली की एसडी कार्डाची वाट लागू शकते, पण हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकतोय आणि बोर्ड नेटवर्कवर दिसतोय तर आत लिनक्स व्यवस्थित चाललंय, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. अशा वेळी नवीन इमेज मारली की बहुतेकदा स्क्रीन येतोच, आणि तिथेच सगळे फसतात, कारण इमेज मारण्यात अर्धा तास गेला, तोवर टीव्ही चालू होऊन बसलेला असतो, म्हणून चित्र आलं. पुढच्या वेळी लाईट गेली की परत तेच. दुखणं टीव्हीकडे आणि औषध कार्डाला, मग ते दर पावसाळ्यात परत येणारच की.

पुढचं सगळं रास्पबेरी पाय ३, ४ आणि ५ धरून लिहितोय, त्यावर रास्पबेरी पाय ओएस. दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांवर फायलींच्या जागा वेगळ्या असतात, पण कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्क्रीन सांभाळणारा डीआरएम भाग तोच असल्यामुळे बराचसा हिशेब लागू पडतो. कमांड इथे देवनागरीत आहेत, टाईप करताना इंग्रजीत आणि छोट्या अक्षरांत करा, फक्त एचडीएमआय, त्याच्यापुढचा ए आणि रिझोल्यूशनच्या शेवटी येणारा डी ही अक्षरं कॅपिटल (बाकी अपवाद जागेवरच सांगितलेत).

आधी बोर्ड जिवंत आहे की नाही ते बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच करून (नेटवर्कवरून पायच्या कमांडलाईनवर शिरून) बघा, लागलं तर सरळ खाली ईडीआयडीच्या भागावर जा. नाही लागलं तर हिरव्या दिव्याकडे नीट बघा, पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर तो ठराविक वेळा लुकलुकून थांबतो आणि परत तसाच लुकलुकतो: ४ वेळा म्हणजे स्टार्ट डॉट ईएलएफ (बोर्ड उठवणाऱ्या फर्मवेअरची फाईल) सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नलची इमेज सापडली नाही. हे खरे कार्डाचे प्रॉब्लेम. सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच अडकला तर फर्मवेअर चाललं पण कर्नल चालला नाही, म्हणजे चित्राचा रस्ता ठीक आहे, केबलच्या नावाने खडे फोडू नका.

पाय ४ आणि ५ वाल्यांसाठी एक झकास टेस्ट आहे जी फार कमी लोक करतात. कार्ड चक्क काढून ठेवा. केबल यूएसबी-सीच्या अगदी शेजारच्या पोर्टात, म्हणजे ज्यावर एचडीएमआय ० लिहिलंय त्यात घाला, टीव्ही आधी चालू करून बरोबर इनपुट निवडा आणि मग बोर्डाला करंट द्या. या दोन्ही बोर्डांत बूटलोडर, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, बोर्डावरच्याच चिपमध्ये बसलेला असतो, त्याला बूट करायला काही मिळालं नाही की तो स्वतःच स्क्रीनवर आपली माहिती छापतो (चिपमधला बूटलोडर अगदी २०१९ सालचा पहिलाच राहिला असेल तर नाही छापणार, तेवढं लक्षात असू दे). ती अक्षरं दिसली तर टीव्ही, केबल, पोर्ट तिन्ही ठीक. नाही दिसली तर कार्डावर कितीही इमेज मारा, काय उपयोग. पाय ३ ला हे नाही, तो कार्डाशिवाय मुकाच बसतो, त्यावरून काही ठरवू नका.

आता करंट. मोबाईलचा चार्जर लावून "चालतोय की" म्हणणारे माझ्या गावात पुष्कळ आहेत. पाय ३ ला ५ व्होल्ट अडीच अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, पाय ५ तीन अँपिअरवरही चालतो पण मग यूएसबीवर मिळणारा करंट कमी करतो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड तक्रार करतो, डेस्कटॉपवर विजेचं चिन्ह नाहीतर लो व्होल्टेजची सूचना येते, पण स्क्रीनच दिसत नसेल तर ती बघणार कोण? म्हणून एसएसएचमधून हे चालवा:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तर ०एक्स० आलं तर मस्त. ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि स्पीड कमी केला गेला होता, ०एक्स५०००५ आलं तर या क्षणालाही पडलेलंच आहे. बऱ्याचदा अडॅप्टर बरा असतो आणि बारीक तारेची लांबलचक यूएसबी केबल व्होल्टेज खाते. पाय ४ च्या अगदी पहिल्या बॅचमध्ये अजून एक भानगड होती, यूएसबी-सीच्या सर्किटमध्ये एक रेझिस्टर कमी असल्यामुळे लॅपटॉपच्या भारी, चिपवाल्या केबलने तो चालूच व्हायचा नाही आणि साध्या केबलने व्हायचा. नंतरच्या बोर्डांत ते दुरुस्त झालं, पण लॅबमध्ये तो जुना बोर्ड अजून असेल तर ध्यानात ठेवा.

आणि समुद्राजवळ असाल तर केबल काढून टोकाकडे टॉर्च मारून बघा. मोरजी-हरमलच्या पट्ट्यात, अगदी कळंगुटातसुद्धा, स्वस्तातल्या केबलच्या पिनांवर एका पावसाळ्यात हिरवट-पांढरी पूड चढते. मायक्रो एचडीएमआयच्या पिना केवढ्याशा, त्यात कनव्हर्टर भिंतीवर लटकतोय आणि जाड केबल त्याला खाली ओढतेय, म्हणजे हात लावला की चित्र येतं आणि सोडला की जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, केबलला वर एक टाय मारून वजन त्याच्यावर घ्या. केबलचा दुसरा नमुना म्हणजे चित्र येतं पण मधेच सेकंदभर काळं होतं किंवा बारीक चांदण्या चमकतात, हे बहुतेक लांब केबलवर ४के चालवल्यामुळे होतं. ४के ६० हर्ट्झला १८ गिगाबिटची केबल लागते, १०८०पी ला साडेचार गिगाबिटमध्ये भागतं. देवळाच्या टायमिंगच्या पाटीला ४के कशाला हवं, १०८०पी करा, केबल बदलायचीसुद्धा गरज पडणार नाही.

हे सगळं ठीक असून लाईट गेल्यावरच घोळ होत असेल तर दुखणं ईडीआयडीचं. एचडीएमआयच्या १९ पिनांत चित्राच्या तारांशिवाय काही साध्या तारा असतात. १८ नंबरवरून पाय टीव्हीला ५ व्होल्ट देतो, १९ नंबरवरून टीव्ही "मी आहे" म्हणून सांगतो, त्याला हॉटप्लग म्हणतात, आणि १५-१६ वरून पाय टीव्हीचा ईडीआयडी वाचतो, म्हणजे १२८ बाइटचा एक नाहीतर जास्त ब्लॉक, ज्यात टीव्हीची कंपनी, त्याला झेपणारी रिझोल्यूशन आणि आवाजाची माहिती असते. लाईट आली की दोघांना एकदमच करंट मिळतो. पाय काही सेकंदांत कर्नलपर्यंत पोचतो आणि विचारतो, कोण आहे तिकडे? स्मार्ट टीव्ही अजून त्याच्या कंपनीचा लोगो फिरवत असतो, किंवा सरळ स्टँडबायवर जाऊन रिमोटची वाट बघत असतो. जत्रेच्या नाटकात पडदा वर गेला आणि राजा अजून रंगपटात मिशी चिकटवतोय, तसला प्रकार. पायला उत्तर मिळत नाही, तो समजतो स्क्रीन लावलेलाच नाही. नंतर टीव्ही जागा झाल्यावर डेस्कटॉप असेल तर तो बऱ्याचदा स्वतःहून सावरतो, पण बूट होताच फुलस्क्रीन उघडणारा तुमचा किऑस्कचा प्रोग्रॅम तोवर "डिस्प्ले नाही" म्हणून बंद पडलेला असतो, त्याला परत कोण उठवणार?

हे खरंच असंच झालंय का ते बघायला, स्क्रीन काळा असतानाच एसएसएच करून हे चालवा, रिबूट करून पुरावा घालवू नका:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/*एचडीएमआय*/स्टेटस

टीव्ही लावलेला असून डिसकनेक्टेड आलं तर हॉटप्लगच मिळत नाहीये. कनेक्टेड आलं तर ईडीआयडी किती बाइट वाचला ते बघा:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/*एचडीएमआय-ए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

१२८ किंवा २५६ आला तर वाचलाय, ० आला तर नाही. एलएस करून साईझ बघू नका, ती फाईल तिथे कायम ० च दिसते आणि उगाच घाबरायला होतं. दुसरा गोंधळ नंबरांचा: बोर्डावर लिहिलेलं एचडीएमआय ० म्हणजे लिनक्सचं एचडीएमआय-ए-१, आणि बोर्डावरचं १ म्हणजे ए-२. निम्म्या लोकांची बरोबर लिहिलेली सेटिंग याच कारणाने चुकीच्या पोर्टाला लागते.

आता उपाय. नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो कॉन्फिग डॉट टीएक्सटीत एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग=१ टाका, मग एचडीएमआय_ग्रुप, एचडीएमआय_मोड. एकेकाळी बरोबर होतं ते. २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएस केएमएस ड्रायव्हरवर गेली, चित्राचा कारभार फर्मवेअरकडून कर्नलकडे आला, आणि २०२३ च्या बुकवर्मपासून तर कॉन्फिगमध्ये डिसेबल_एफडब्ल्यू_केएमएस_सेटअप=१ अशी ओळ आधीच असते, म्हणजे त्या जुन्या ओळींना कर्नलच्या दारात कुणी विचारत नाही. लोक मात्र मोड ४, मोड १६, मोड ८२ असे आकडे बदलत संध्याकाळ घालवतात. शिवाय बुकवर्मपासून खरी फाईल /बूट/फर्मवेअर/ मध्ये असते, जुन्या /बूट/ मधल्या फाईलीत लिहून काही होत नाही, ती उघडली की आत तसं लिहिलेलंच असतं, पण वाचतो कोण.

लिहायचंय ते त्याच फोल्डरातल्या सीएमडीलाईन डॉट टीएक्सटीत. ती फाईल एकाच ओळीची असते आणि एकाच ओळीची राहिली पाहिजे, एंटर मारायचं नाही, आहे त्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन:

व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०डी

शेवटचा डी महत्त्वाचा, त्याचा अर्थ टीव्ही हो म्हणो की नाही, डिजिटल आउटपुट चालूच ठेव. डी विसरलात तर ते फक्त रिझोल्यूशन सांगणं होतं, नो सिग्नल जसाच्या तसा. एवढ्यावर पुष्कळांचं काम भागतं, ज्यांना चित्र तेवढं हवंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

पण आरती लावायची असेल तर अजून एक पायरी आहे, कारण नुसत्या डी वर चित्र येतं आणि आवाज येत नाही. ईडीआयडी वाचलाच नसेल तर पलीकडे आवाज झेपणारा टीव्ही आहे हे ड्रायव्हरला कळणार कसं, तो सरळ डीव्हीआय समजून नुसतं चित्र पाठवतो. मग टीव्ही चालू असताना, सगळं चांगलं दिसत असताना, त्याचा ईडीआयडी एकदा कॅट करून /लिब/फर्मवेअर/ मध्ये टीव्ही.बिन अशा नावाने ठेवून द्या आणि सीएमडीलाईनच्या त्याच ओळीत वरच्या व्हिडिओवाल्या तुकड्याच्या जोडीला हे पण टाका:

डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:टीव्ही.बिन

आता टीव्ही झोपलेला असो वा जागा, कर्नल कार्डावरचीच माहिती वाचतो. रिबूटनंतर डीएमईएसजी या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ती फाईल मिळाली नाही असं दिसलं तर ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाईलसिस्टममध्ये) लवकर लोड होतोय, फाईल तिथे पण घालावी लागेल. आणि टीव्ही बदलला की फाईल बदला, नाहीतर नव्या टीव्हीला जुन्याचं माप बसवत राहाल.

ज्यांना जबरदस्ती नको त्यांनी प्रोग्रॅमलाच थांबवून ठेवावं. किऑस्कची सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू करणारी व्यवस्था) सर्व्हिस असेल तर तिच्या एक्झेकस्टार्टप्रीमध्ये (यातले ई, एस आणि पी कॅपिटल), एसएच -सी च्या कोट्समध्ये, ही ओळ:

अनटिल ग्रेप -क्यू ^कनेक्टेड /सिस/क्लास/डीआरएम/*एचडीएमआय-ए-१/स्टेटस; डू स्लीप २; डन

त्या टोपीच्या खुणेशिवाय लिहिलंत तर डिसकनेक्टेडमधलं कनेक्टेड पण त्याला सापडतं आणि तो टीव्ही नसतानाच पुढे सरकतो. टाईमआउटस्टार्टसेक=इन्फिनिटी (पहिला टी आणि दोन्ही एस कॅपिटल) पण टाका, कारण सिस्टमडी साधारण ९० सेकंदांत कंटाळून सर्व्हिस फेल करतो आणि टीव्ही चालू करायला पुजारी भट येईपर्यंत तास होतो. मात्र हे आणि वरचा डी एकत्र लावू नका, डी लावला की स्टेटस कायम कनेक्टेडच येणार, मग वाट कशाची बघायची? पाय ४ किंवा त्याआधीच्या बोर्डावर कॉन्फिगमध्ये बूट_डिले=३० टाकून बोर्डालाच अर्धा मिनिट उशिरा उठवता येतं, ते सोपं आहे, पण रिमोट दाबायला कुणी नसेल तर ३० काय नि ३०० काय.

त्यावर इलाज सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या केबलमधूनच टीव्हीला हुकूम द्यायची सोय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करा (प्रत्येक कंपनीने त्याला वेगळंच नाव ठेवलंय, एचडीएमआय कंट्रोल असं काहीतरी शोधा), पायवर व्ही४एल-युटिल्स टाका आणि सीईसी-सीटीएल --प्लेबॅक, मग सीईसी-सीटीएल --टू ० --इमेज-व्ह्यू-ऑन. टीव्ही स्टँडबायमधून उठतो. सगळेच टीव्ही ऐकतात असं नाही, स्वस्तातले काही नुसते ढिम्म.

इन्व्हर्टरवाल्यांचा घोळ जरा निराळा. पाय इन्व्हर्टरच्या लाईनवर आणि टीव्ही मेनवर, म्हणजे लाईट गेली तरी पाय चालूच, टीव्ही तेवढा मेला आणि परत आला. तिथे बूटचा प्रश्न नाही, चालू असलेल्या डेस्कटॉपच्या पायाखालून स्क्रीन काढून घेतला जातो आणि खिडक्या कुठेतरी हरवतात. वरचा डी आणि ईडीआयडीची फाईल तिथेही उपयोगी पडते, कारण कर्नलच्या लेखी स्क्रीन कधी गेलेलाच नसतो.

शाळांतल्या निळ्या व्हीजीए पोर्टच्या मॉनिटरांबद्दल थोडं. एचडीएमआयमधून व्हीजीए काढायला आत चिप असलेला कनव्हर्टर लागतो, नुसती तार जोडून होत नाही, आणि ती चिप करंट घेते तो १८ नंबरच्या पिनेतूनच. तिथून फारसा मिळत नाही, म्हणून बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असलेला कनव्हर्टर घ्या आणि त्याला वेगळा करंट द्या. ईडीआयडी मिळाला नाही की लिनक्स १०२४ बाय ७६८ वर येतं आणि रुंद मॉनिटरवर सगळे चेहरे फुगलेले दिसतात, तिथे पण तोच व्हिडिओवाला तुकडा, मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन घालून.

बाकी किरकोळ. कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट शोधा, पायला छेडू नका. थोड्या वेळाने स्क्रीन काळा होतो आणि माऊस हलवला की येतो, तो स्क्रीन ब्लँकिंग, रास्पी-कॉन्फिगमध्ये डिस्प्ले ऑप्शन्सखाली बंद होतो. एक्सरँडर (रिझोल्यूशन बदलायची जुनी कमांड) चालत नाही म्हणून कुरकुरत असाल तर बुकवर्मपासून पाय ४ आणि ५ वर डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर आहे, डब्ल्यूएलआर-रँडर वापरा.

आणि म्हापशाच्या एका मित्राला छळलेलं एक विचित्र प्रकरण: पाय ४, नवा कोरा २५६० बाय १४४० चा मॉनिटर, चित्र एकदम झक्कास, पण मॉनिटर लावला की वायफाय गायब, काढला की हजर. राऊटर बदलून झाला, काही फरक नाही. पाय ४ वर या रिझोल्यूशनला एचडीएमआयचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर पडतो हे २०१९ मध्येच लोकांच्या लक्षात आलेलं आहे. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झ चालू करून पाय त्यावर घ्या, नाहीतर रिझोल्यूशन १०८०पी ला आणा, जाड शिल्डची केबल लावूनही काहींचं भागतं, आणि जवळ लॅनची केबल असेल तर ती लावून मोकळे व्हा.